निमआराम आणि साधी

निवृत्तीनंतर माणसानं हातपाय हलवत राहावं, असा सल्ला देणाऱ्यांपैकी एकानंही कधी बकरी पाळलेली नसते. पाळली असती, तर त्यांनी निवृत्त माणसाला मुकाट्यानं झोपू दिलं असतं. गुलाबरावांना हे उमजलं तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता, बांधावरचा पळस फुलला होता, हरभरा घरात येऊन पडला होता, आणि गुलाबराव इतके दमले होते की मोटारसायकलला किक मारण्याआधी तिच्यावर दोन मिनिटं नुसते बसून राहत.

बकऱ्या दोनच होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गुलाबरावांच्या चेहऱ्याकडे पाहून परक्या माणसाला पन्नासेक जनावरांचा कळप असावा असं वाटे. डोणगावाहून आत गेल्यावर लागणाऱ्या एका लहान गावाच्या कडेला त्यांचं दीड एकर वावर, वावरातच दोन खोल्या, मागे टिनाचा गोठा, आणि त्या गोठ्यात या दोघी.

पैकी एक उंच, लांब कानांची, बदामी रंगाची होती. दुसऱ्या बकरीनं तोंड लावलेल्या कुटाराला ती तोंड लावत नसे आणि पाणी पिण्याआधी बादलीकडे एकदा संशयानं पाही. गुलाबरावांनी तिचं नाव ठेवलं निमआराम. दुसरी काळी, बुटकी, गावरान. विकणारा म्हणाला होता की न्यायची तर जोडी न्या, म्हणून ती नाइलाजानं आली. चरायला सोडली की ती प्रत्येक झुडपापाशी थांबत थांबत जायची, म्हणून ती साधी. ही नावं कळायला गुलाबरावांची नोकरी माहीत हवी. तीस वर्षं ते एसटीच्या बसस्थानकावर निमआराम आणि साध्या गाड्यांच्या नोंदी ठेवणारे वाहतूक नियंत्रक होते, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी ‘चौकशी’ असं लिहिलेल्या खिडकीमागे काढली होती.

त्या खिडकीतून त्यांना दिवसाला शेकडो वेळा एकच प्रश्न यायचा, “साहेब, गाडी कवा येते?” आणि गुलाबराव मान वर न करता सांगत, “येईन. बसा.” गाडी लेट आहे, असं त्यांनी तीस वर्षांत एकदाही म्हटलं नाही. त्यांच्या मते गाडी लेट नसतेच, प्रवासी लवकर येतो. या दोन शब्दांवर त्यांचा संसार झाला, मुलगा प्रसेनजित शिकून नाशिकला नोकरीला लागला, आणि एक दिवस हार, नारळ, शाल घेऊन गुलाबराव घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी काही विचारेना. हे त्यांना फार लागलं. माणसाला त्रास देणारे लोक एकदम नाहीसे झाले, की मग कळतं की आपण त्यांच्याच जिवावर जगत होतो.

बकऱ्या आल्या त्या या पोकळीत. आणि ऑक्टोबरात गुलाबरावांनी वेळापत्रक हाती घेतलं.

निमआराम माजावर येण्याच्या बेतात होती. शेजारच्या वावरातल्या उकंडरावांकडे एक दणकट बोकड होता, तो आणायचं ठरलं होतं. पण नेमका तेव्हाच धम्मचक्र प्रवर्तन दिन आला. गुलाबरावांना आणि त्यांच्या पत्नी सिंधूताईंना, दोघांनाही नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं. सिंधूताईंनी पांढरं पातळ आठ दिवस आधी इस्त्री करून ठेवलं होतं. मग बकऱ्यांपाशी कोणीतरी राहायला हवं असं निघालं, आणि अशा वेळी ‘कोणीतरी’ म्हणजे कोण, हे घरोघरी जसं न बोलता ठरतं तसंच ठरलं. पातळ परत पेटीत गेलं आणि गुलाबराव नागपूरला गेले.

बारा ऑक्टोबरला सकाळी ते पुस्तकांच्या स्टॉलवरच्या गर्दीत उभे असताना सिंधूताईंचा फोन आला. चहूकडे जयभीमचा गजर चालला होता. एका कानात बोट घालून गुलाबराव ओरडले, “हां, बोल!”

“अहो, लागली बकरी!”

“किती वाजता?”

“साडेनऊ झाले अशीन आताच.”

“बरं!” म्हणून गुलाबरावांनी फोन ठेवला आणि नुकत्याच घेतलेल्या पुस्तकाच्या पावतीमागे लिहिलं, ‘लागली. ९.३०.’ गाडी फलाटाला लागली की नियंत्रक जशी नोंद करतो, तशी. हात सवयीनं चालला. घरी आल्यावर त्यांनी ती नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरात उतरवली, दीडशे दिवस मोजले, आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर येताच त्यातल्या मार्चच्या पानावर अकरा तारखेभोवती लाल वर्तुळ काढून आत वेळ लिहिली, ९.३०.

“मिनिटासकट?” उकंडरावांनी विचारलं.

“नोंद मिनिटासकटच असते,” गुलाबराव म्हणाले.

त्यानंतरचे पाच महिने गुलाबरावांनी जे केलं, ते त्यांनी सिंधूताईंच्या बाळंतपणात केलं नव्हतं. हे वाक्य सिंधूताईंचं आहे. निमआरामसाठी सरकीची ढेप आली. बाभळीच्या शेंगा निवडून आल्या. उकंडराव रोज सकाळी गोठ्यापाशी उकिडवे बसून सल्ले देत, आणि काल दिलेला सल्ला आज बदलत. ढेप भिजवून द्या. भिजवून देऊ नका, पोट फुगते. गूळ द्या. गूळ गरम पडते. गुलाबराव प्रत्येक सल्ला पाळत, त्यामुळे निमआराम भिजवलेली आणि न भिजवलेली अशी दोन्ही प्रकारची ढेप खाऊन गूळ चाटत असे.

दर वीस-एकवीस दिवसांनी मात्र ती दिवसभर केविलवाणं ओरडे, शेपूट हलवी आणि उकंडरावांच्या बोकडाच्या दिशेनं मान ताणून उभी राही.

“डोहाळे,” उकंडराव म्हणाले. “आंबट मागून राह्यली.”

गुलाबरावांनी चिंचा आणल्या.

डिसेंबरात थंडी पडली तशी त्यांनी पेटीतून आपला जुना खाकी सदरा काढला, निमआरामचे पुढचे पाय बाह्यांतून घातले आणि पोटाखालून गुंड्या लावल्या. सदरा तिला नीट बसला. खिशावर नावाची पट्टी लावण्याची दोन भोकं होती, ती बरोबर छातीवर आली. सिंधूताई धुणं वाळत घालता घालता थांबून पाहत राहिल्या.

“रिटायर झाल्यावर तुमच्यापरीस तिलेच बरा दिसते,” त्या म्हणाल्या. “पण अहो, मी काय म्हणते, थे साधीचं...”

“साधीले थंडी नाही वाजत. गावरान हाये.”

संध्याकाळी सिंधूताईंनी साधीच्या पाठीवर एक गोणपाट टाकलं आणि दोरीनं बांधलं. साधीचंही पोट एव्हाना सुटलं होतं, ते गुलाबरावांनी पाहिलं नव्हतं असं नाही. त्यावर त्यांचं मत होतं की जी बकरी दिसेल ते खाते, तिचं पोट सुटणारच.

आणि एक फार मोठी गोष्ट घडली होती. लोक पुन्हा विचारू लागले होते. गावात पाण्याच्या टाकीपाशी, किराणा दुकानात, न्हाव्याकडे, जो भेटे तो विचारी, “काय गुलाबराव, कवा हाय?” गुलाबराव क्षणभर थांबून, आकाशाकडे पाहून सांगत, “अकरा मार्च. साडेनऊ.” ऐकणारा थक्क होई. गुलाबरावांना वाटे, तीस वर्षं आपण ‘येईन, बसा’ सांगितलं, तेव्हा ही मजा का नाही केली.

या मजेच्या भरातच त्यांनी तो शब्द देऊन टाकला. जानेवारीत एका दुपारी प्रसेनजितचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि उकंडराव चहा पीत बसले होते.

“बाबा, किती दिवस त्या बकऱ्यांमागं धावणार? इकडं दोन बेडरूम आहेत, लिफ्ट आहे, खाली बाग आहे. विका त्या बकऱ्या आणि या दोघं. दरवेळी म्हणता, व्याल्यावर पाहू. ती खरंच व्याणार आहे का?”

शेवटचा प्रश्न उकंडरावांसमोर यायला नको होता. गुलाबरावांच्या कपाळाची शीर उठली. “आयक. अकरा मार्चले बकरी व्याली, तं हा विषय पुन्हा काढाचा नाही. आम्ही इथंच राहू. अन् नाही व्याली, तं बाराले बकऱ्या बाजारात अन् आम्ही दोघं नाशिकले. हा माहा शब्द हाय!”

“ठरलं,” प्रसेनजित म्हणाला.

“म्या आयकलं,” उकंडराव म्हणाले.

चुलीपाशी भाकर थापणारा सिंधूताईंचा हात मध्येच थांबला होता. तो थांबलेला कोणाला दिसला नाही, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा चालू झाला.

शब्द देऊन झाल्यावर गुलाबरावांची झोप गेली. नाशिकचा चौथा मजला त्यांनी पाहिला होता. तिथे ते चार दिवस राहिले होते आणि चारही दिवस बाल्कनीत उभं राहून खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्यांच्या वेळा लिहीत होते. शेवटच्या दिवशी सुनेनं वही पाहिली आणि काळजीनं प्रसेनजितला आत बोलावून घेतलं. गुलाबरावांना पुन्हा तिथे जायचं नव्हतं. मेलो तरी नाही जायचं, असं ते मनाशी म्हणत, आणि मग आपला शब्द आठवे.

फेब्रुवारीच्या मध्याला उकंडरावांनी एक नवीन सल्ला दिला, आणि पाच महिन्यांतला हा एकच शहाणपणाचा होता. “एकदा डॉक्टरले दाखवून घ्या. पक्कं व्हते.”

जनावरांचा दवाखाना सहा किलोमीटरवरच्या गावात. बसमध्ये जनावर चालत नाही. हा नियम गुलाबरावांना तोंडपाठ होता, त्यांनीच तो एकदा रंगवून भिंतीला टांगला होता. राहिली काळीपिवळी, भरेल तेव्हा सुटणारी खाजगी जीप. तीस वर्षं गुलाबरावांनी काळीपिवळीवाल्यांना स्थानकाच्या फाटकातून हाकललं होतं. आता ते खाकी सदरा घातलेली बकरी कडेशी धरून फाट्यावर त्याच गाडीसमोर उभे राहिले, आणि ड्रायव्हरनं त्यांना लगेच ओळखलं.

“साहेब! तुम्ही? आमच्या गाडीत?” त्याला झालेला आनंद लपत नव्हता. त्यानं पुढची सीट पुसून दिली.

“कवा निघते?” गुलाबरावांनी खाली पाहत विचारलं.

“निघन,” तो म्हणाला. “बसा.”

ते दोन शब्द ऐकताना किती लांब वाटतात, हे गुलाबरावांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गाडी पाऊण तासानं भरली. तोवर निमआरामनं पुढच्या सीटचा फोम थोडा खाल्ला होता.

दवाखान्यात गजेंद्र होता. तो पशुधन पर्यवेक्षक, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. मुलगा सभ्य होता आणि तोही दमलेला होता, कारण त्याच्याकडे अठरा गावं होती. त्यानं निमआरामच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टाकला, पाहिला, पुन्हा टाकला.

“साहेब, ह्या नंबरवर बोकड हाय.”

“कोणता बोकड?”

“हाच. नोंदीत नर दाखवून राह्यला. गर्भतपासणीचा कॉलमच उघडत नाही.”

“अरे पण समोर उभी हाय! पाहा ना डोयानं!”

गजेंद्रनं वाकून डोळ्यांनी पाहिलं. “बकरीच हाय,” त्यानं मान्य केलं. “पण साहेब, नोंदीशिवाय हात लावला तं वरून इचारणा येते. बोकडाची गर्भतपासणी कोणत्या हिशोबानं केली म्हणतीन. तुम्ही आंधी नोंद दुरुस्त करून घ्या. अर्ज द्या. संगं मादी असल्याचा दाखला जोडा.”

तीस वर्षं नियम सांगण्यात गेलेल्या माणसाला नियमाविरुद्ध भांडता येत नाही. गुलाबराव बकरीला घेऊन बाहेर आले आणि काळीपिवळीत पाऊण तास बसले.

दाखल्यासाठी ते ग्रामसेवकाकडे गेले. ग्रामसेवकानं कपाट उघडून नमुने दाखवले. रहिवासी दाखला होता, हयातीचा होता, शौचालय असल्याचा होता. शेळी मादी असल्याचा नव्हता. “हयातीचा नेता का?” त्यानं मनापासून विचारलं. शेवटी पंचनामा करायचं ठरलं. उकंडराव पंच क्रमांक एक झाले आणि या पदाचा त्यांच्यावर फार परिणाम झाला. ते घरून धुतलेलं धोतर नेसून आले. त्यांनी निमआरामभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चष्मा लावून खाली वाकले. मग कागद झाला, ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच, सदर शेळीची समक्ष पाहणी केली असता सदर शेळी ही शेळीच असल्याचे आढळून आले. सदर जबाब आम्ही कोणाच्याही दबावाखाली नसताना दिला आहे.’ शेवटचं वाक्य उकंडरावांनी हट्टानं घालून घेतलं.

अर्ज आठ दिवसांनी परत आला. फोटोतल्या शेळीनं गणवेश घातलेला असल्यामुळे ओळख पटत नाही, असा शेरा होता. गुलाबराव ओट्यावर बसले आणि तो शेरा त्यांनी तीनदा वाचला. सदरा काढून दुसरा फोटो काढायला निमआराम तयार नव्हती. तिला आता सदऱ्याची सवय झाली होती, आणि तो काढला की ती भिंतीकडे तोंड करून उभी राही.

“मी काय म्हणते,” सिंधूताई आतून आल्या. “तुम्ही एवढे जाऊनच राह्यले दवाखान्यात, तं त्या गजेंद्रले साधीचंच दाखवा ना, तिचं नोंदीत...”

“थांब सिंधू. आंधी हिचं होऊ दे. एक एक करून घेऊ.”

सिंधूताई थांबल्या. थांबायला त्या शिकलेल्या होत्या.

मार्च उजाडला. नवीन फोटो गेला. आठ मार्चला गजेंद्रचा फोन आला की दुरुस्ती मंजूर झाली, अकराला सकाळीच त्या बाजूला येणं आहे, तेव्हा घरीच येतो. गुलाबरावांना वाटलं, चला, वेळेवर डॉक्टरही हजर. दहाच्या संध्याकाळी त्यांनी गोठा झाडला, चुना टाकला, कोरडं तनीस अंथरलं, दोन स्वच्छ गोणपाटं, आयोडीन आणि नवीन ब्लेड एका स्टुलावर मांडून ठेवलं. निमआराम मधोमध उभी राहून तनीस खाऊ लागली. तिची कास चिंचोक्याएवढीही भरली नव्हती. गुलाबरावांनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं ठरवलं.

अकरा तारखेला सकाळी साडेआठपासूनच वावरात माणसं जमली. कोणाला बोलावलं नव्हतं, पण तारीख आणि वेळ गावाला पाच महिन्यांपासून माहीत होती. उकंडराव पंचाच्या धोतरात आले. प्रसेनजितचा व्हिडिओ कॉल लागला आणि फोन ढेपेच्या डब्याला टेकवून उभा केला. साधी मध्येच येऊन अस्वस्थपणे जमीन उकरू लागली.

“अहो, आज साधीले...” सिंधूताई म्हणाल्या.

“तिले मागं ने आंधी! इथं लोकं हायेत, डॉक्टर येऊन राह्यला, अन् ही जमीन उकरते!”

सिंधूताईंनी साधीची दोरी धरली. जाता जाता त्यांनी स्टुलावरचं एक गोणपाट, आयोडीन आणि ब्लेड उचललं. तेही कोणाला दिसलं नाही, कारण तेवढ्यात गजेंद्रची मोटारसायकल आली होती.

सव्वानऊ झाले होते. गजेंद्रनं आधी मोबाइल पाहिला, मग निमआरामच्या सदऱ्याच्या गुंड्या काढल्या, पोटाखाली दोन्ही हात घातले आणि दाबून पाहिलं. मागून कास पाहिली. पुन्हा पोट दाबलं.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “ही गाभण नाही.”

“नीट पाह्य.”

“नीटच पाह्यलं. रिकामी हाय. चरबी चढली हिले. ढेप बंद करा, नाही तं पुढंबी गाभण नाही राहाची.”

गुलाबरावांना वाटलं, चिडावं. पण चिडायलाही अंगात जोर लागतो. ते उलट्या टोपल्यावर बसले. लोक एकमेकांकडे पाहू लागले. हसलं कोणी नाही, आणि ते जास्त वाईट होतं. लोक हसले असते तर गुलाबरावांना रागावता आलं असतं.

“म्या तं शेळी असल्याचं लिहून देल्लं होतं,” उकंडराव पुटपुटले. “गाभण असल्याचं नाही.”

फोनमधून प्रसेनजित म्हणाला, “बाबा, जाऊ द्या. वाईट वाटून घेऊ नका. मी रविवारी गाडी घेऊन येतो.” तो चांगल्या मनानं म्हणाला होता. गुलाबरावांना चौथ्या मजल्याची बाल्कनी दिसू लागली. चारचौघांत डोळ्यांत पाणी येतंय की काय, म्हणून ते चुन्याच्या पट्टीकडे बघत बसले.

तेव्हा गोठ्यामागून सिंधूताईंचा आवाज आला. “ओ! कोणी तरी या इकडं! एक झालं, दुसरं अटकून राह्यलं!”

आधी गजेंद्र धावला. मग उकंडराव, धोतर सावरत. गुलाबराव सगळ्यांत शेवटी पोहोचले. गोणपाटावर साधी आडवी पडली होती, तिच्या तोंडाशी एक काळं, ओलं पिल्लू मान उचलायचा प्रयत्न करत होतं, आणि सिंधूताई गुडघ्यांवर बसून तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या.

“पाय मागं मुडपला,” गजेंद्र बाह्या सरसावत म्हणाला. “साहेब, तिचं डोकं धरा. पक्कं.”

गुलाबरावांनी खाली बसून साधीचं डोकं मांडीवर घेतलं. तीस वर्षांत हजारो गाड्या त्यांच्यासमोर लागल्या आणि सुटल्या, पण त्यांनी कधी एकीलाही हात लावला नव्हता. साधी कण्हली. तिचा सगळा भार त्यांच्या हातावर आला. तिच्या पाठीवर गोणपाटाच्या दोरीचा जुना वळ होता, आणि तो पाहून गुलाबरावांना लाज वाटली. खरी, पोटातून लाज वाटली. त्यांनी तिच्या कानापाशी वाकून काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते उकंडरावांनी नंतर गावभर सांगितलं, पण प्रत्येकाला वेगळं सांगितलं.

दुसरं पिल्लू आलं ते हलेना. सिंधूताईंनी ते गजेंद्रच्या हातातून घेतलं, मागचे पाय धरून उलटं केलं, नाकातोंडातलं पाणी बोटानं काढलं, काडीनं नाकपुडीत टोचलं, गोणपाटानं छाती खसाखसा पुसली. मग ते शिंकलं. एवढंसं शिंकलं, आणि बारीक आवाजात ओरडलं.

उकंडरावांनी घड्याळ पाहिलं. “नऊ चाळीस,” ते जाहीर करत म्हणाले. “दहा मिनिटं लेट!”

“पह्यलं साडेनऊलेच आलं,” सिंधूताई म्हणाल्या. “म्या पाह्यलं.”

गजेंद्रनं हात धुऊन साधीच्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलमध्ये टाकला. थोडा वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला. “साहेब, त्या मोठीची दुरुस्ती करताना वरून काहीतरी झालेलं दिसते. आता ही बोकड दाखवून राह्यली. अर्ज...” त्यानं गुलाबरावांचा चेहरा पाहिला आणि मोबाइल खिशात ठेवला. “राहू द्या. म्या पाहीन.”

लोक पांगले. उकंडराव ‘बोकड व्याला’ ही बातमी घेऊन टाकीच्या दिशेनं गेले. गुलाबराव तिथेच खाली बसले होते, मांडीवर साधीचं डोकं तसंच होतं.

“तुले माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“म्याच तं बोकड लावला,” सिंधूताई म्हणाल्या. “त्या दिशी तुमची निमआराम बोकडाले शिंगं मारून हाकलत होती. साधी लागली. म्या तवाच फोन केला.”

“तू ‘लागली’ म्हटलं. साधी लागली, असं कुठं म्हटलं?”

“कोणती लागली, हे तुम्ही इचारलं कुठं? किती वाजता, तेवढंच इचारलं. मंग तीन खेपा सांगाले आली, तं थांब म्हणले. म्या म्हटलं, राहू द्या, बकरीले तं माहीत हाय.” त्या पिल्लाचे कान पुसत राहिल्या. “तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसले तुम्ही. पण चौकशी सारी लोकायनंच केली.”

गोठ्यातून फोन ओरडत होता. प्रसेनजित अजून लाइनवरच होता. गुलाबराव उठून गेले, डब्याला टेकवलेला फोन त्यांनी उचलला.

“बाबा, पण तुम्ही तर त्या मोठीबद्दल म्हणाला होता!”

“म्या बकरी म्हटलं होतं. कोणती, थे तू इचारलं कुठं?” असं म्हणून त्यांनी फोन बंद केला. हे उत्तर इतकं चोख बसलं होतं की एरवी ते दिवसभर खूश राहिले असते. पण तेच शब्द आपल्या तोंडून ऐकून ते दारातच थबकले. हळूहळू ते परत मागे आले.

“सिंधू,” ते म्हणाले, “तुले जायाचं होतं का नाशिकले?”

सिंधूताईंनी वर पाहिलं. मग दुसरं पिल्लू, अजून ओलंच, त्यांच्या हातात दिलं.

“सांगीन,” त्या म्हणाल्या. “बसा.”

गुलाबराव बसले. पिल्लू त्यांच्या सदऱ्याची गुंडी चोखू लागलं. सिंधूताईंनी साधीला कोमट पाण्यात गूळ घालून दिला, खालचं ओलं तनीस काढून कोरडं टाकलं, हात धुतले, पदराला पुसले. गुलाबरावांनी एकदाही किती वेळ लागेल असं विचारलं नाही.

“नाशिकले नाही जायाचं मले,” शेवटी त्या म्हणाल्या. “यंदा नागपूरले जायाचं हाय. धम्मचक्राले मी दीक्षाभूमीवर जाईन. तुम्ही राहा बकऱ्यांपाशी. अन् बोकड आला तं फोन करजा.” त्यांनी गुलाबरावांच्या हातातलं पिल्लू नीट वळवून साधीच्या कासेला लावलं. “कोणती लागली, थे मी इचारीन.”